शेवटच्या मुठीची बाहुली

हे ज्या हाताने लिहितेय, त्याच हाताने ते घडलंय. त्यामुळे मला दुसऱ्या कुणाची साक्ष नको.

मी अकरा वर्षांची होते. कापणीचा शेवटचा दिवस, शुक्रवार, ऊन उतरत आलेलं. सगळीकडे नुसती धसकटं. आमचं शेत आणि शेजारच्या काकूंचं शेत, एवढाच भात उभा होता.

काकूंचा नवरा आदल्या वर्षी वारला होता. त्या एकट्याच विळा घेऊन कापत होत्या. त्यांची मुलगी चिमी माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर.

आमच्याकडे जुनी माणसं सांगायची, उभ्या पिकात एक म्हातारी राहते. कापणी पुढे येईल तशी ती मागे सरकते. शेवटच्या मूठभर पिकात अंग चोरून बसते. त्या मुठीची बाहुली करतात. ज्याची कापणी आधी संपेल, त्याने ती ज्याचं पीक अजून उभं आहे त्याला द्यायची. त्याच्या घरच्या कुणी ती हौसेने आत नेली, की म्हातारी त्या घरात शिरते. नेली नाही, तर देणाऱ्याकडेच परत येते.

हिवाळाभर राहते.

आणि जेवते.

लोक यावर हसायचे. आमच्या घरी कुणी हसत नव्हतं.

कारण आदल्या हिवाळ्यात ती आमच्याकडे होती. बांधावर पडलेली बाहुली मीच उचलून आणली होती.

आई चौघांचं रांधायची, तिघांना पुरायचं. पिठाचा डबा संध्याकाळी भरलेला, सकाळी निम्मा. कोठीच्या खोलीला कुलूप लावून पाहिलं. आतून आवाज यायचा... दात नसलेल्या तोंडाने चघळल्यासारखा.

दार उघडलं, की बंद.

माझा धाकटा भाऊ इतका वाळला, की आई त्याला एका हाताने उचलायची. तो वाचला. कसाबसा.

म्हणून त्या शुक्रवारी बाबांनी पाणीसुद्धा न पिता आमची कापणी उरकली. शेवटची मूठ कापून बाहुली वळली. तिला डोकं होतं, दोन हात होते. तोंड नव्हतं.

त्यांनी मला बांधावर बोलावलं.

"चिमीला आवडेल ना बाहुली?"

"बाबा... ही तीच ना?"

ते विळा पुसत होते. माझ्याकडे बघितलं नाही. "तुझ्या भावाला अजून एक हिवाळा झेपेल का, तूच सांग."

मी बाहुली हातात घेतली.

"मग जा. आणि हसून दे."

मी हसून दिली.

चिमीने तिला लगेच रुमालाचा झगा केला. "हिचं नाव काय ठेवू गं?" म्हणाली.

"ठेव तुला हवं ते."

ती उड्या मारत बाहुली घरात घेऊन गेली.

त्या दिवसापासून आमचा पिठाचा डबा भरलेला राहू लागला. भाऊ अंग धरू लागला. आई रांधताना गुणगुणायची.

चिमी मात्र मधल्या सुट्टीत माझा डबा मागू लागली. आधी स्वतःचा संपवायची, मग माझा, मग मागच्या बाकावरच्या मुलींचा. तरी हातातलं कडं कोपरापर्यंत वर सरकायचं.

"घरी जेवत नाहीस का?" मी विचारलं.

"जेवते की. पण माझ्या ताटात अजून कुणीतरी हात घालतं."

धाकट्या बहिणीची तक्रार करावी, तसं म्हणाली.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई भाकऱ्या थापत राहिली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात थोडं जास्त घालू लागली.

तेवढंच.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. हिवाळा सरता सरता चिमी गेली. न्यायला चार माणसं आली होती. एक पुरला असता.

दहा-बारा दिवसांनी आईने मला काकूंकडे पाठवलं, जेवणाचं पातेलं देऊन.

काकू स्वयंपाकघरात होत्या. टेबलावर दोन ताटं. एक त्यांचं. दुसऱ्यासमोर, चिमीच्या खुर्चीत... बाहुली.

मी दारातच थांबले.

"काकू, तिला ठेवू नका," माझ्या तोंडून निघून गेलं. "पुढच्या कापणीला दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका. तसंच करतात..."

काकूंनी मान वळवली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला... चघळल्याचा. ओला, सावकाश.

मग थांबला.

आणि चिमीच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "आई, अजून वाढ ना."

काकूंनी माझ्या हातातलं पातेलं घेतलं. सगळंच्या सगळं त्या ताटात ओतलं. स्वतःच्या ताटात एक घासही घेतला नाही.

"आता हिला कशी देऊ कुणाला?" त्या म्हणाल्या.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. बाबा गेले. भाऊ धडधाकट आहे, दोन मुलांचा बाप. काकू दर वर्षी आपल्या शेताचा एक कोपरा न कापता ठेवतात, शेवटची मूठ निघूच नये म्हणून. तो उभ्या उभ्या कुजतो. त्यांच्या अंगावर आता मांस असं उरलेलंच नाही.

मागच्या आठवड्यात त्या बांधावर भेटल्या. माझा हात धरला. बोटं भाताच्या काड्यांसारखी लागली.

"मी आता फार दिवस नाही गं," म्हणाल्या. "माझ्यामागे तिचं जेवणखाण कोण बघणार? तिची मैत्रीण म्हणशील तर तूच एक."

मी हो म्हटलं नाही.

नाही म्हणायलाही तोंड उघडलं नाही... म्हातारीला तेवढा होकार पुरत असावा.

काल संध्याकाळी आम्ही तिघं, मी, नवरा आणि लेक, जेवायला बसलो. नवरा म्हणाला, आज भात कमी केलास का?

मी रोजच्याएवढाच केला होता.