वारस कोणी उरला नाही

ऐका, पण मधे बोलू नका. आमच्या छापखान्यात मुद्रितं तपासणारा एकजण होता. त्याला आम्ही वेलांटी म्हणायचो. चुकलेली वेलांटी त्याच्या नजरेतून कधी सुटली नाही.

वडिलांच्या वाढदिवसाला घराण्याची वंशावळ छापून द्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं. आठ दिवस जुन्या कचेरीत बसून तो पणजोबांपर्यंत पोचला. त्यांच्या आधी, ते राहायचे त्या घराबद्दल एकच नोंद होती: 'सातही माणसे एका रात्री कुऱ्हाडीने मारली. वारस कोणी उरला नाही.' आणि पुढच्याच वर्षी त्याच घरात, त्याच आडनावानं, पणजोबा.

घरी येऊन टिपणांची वही पुढे धरत त्यानं वडिलांना विचारलं, "अण्णा, वारसच उरला नाही, तर आपण कुठले?"

अण्णा जेवत होते. "ती वही मिटव," म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

त्यानं मिटवली नाही.

अकरा डिसेंबर, मंगळवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. बायको माहेरी, अण्णा आत झोपलेले. बाहेरच्या खोलीत वेलांटी वंशावळीची कच्ची प्रत तपासत होता. तपासताना मोठ्यानं वाचायची सवय. त्यानं आडनाव वाचलं.

"ओ," कुणीतरी उत्तर दिलं. खोलीतूनच.

"कोण आहे?"

...

पहिला घाव टेबलावर. लाकूड उभं चिरलं. समोर कुणी नाही. तो दाराकडे धावला. दुसरा घाव डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ मागाहून. भिंतीवर रक्त उडालं. तो पडला. कानाशी कुणी विचारलं, "आडनाव?"

त्यानं सांगितलं. तोंडात तेच बसलेलं.

तिसरा घाव. त्याच हातावर.

"आडनाव?"

...

अण्णा भिंतीला धरून आले. रिकाम्या खोलीपुढे गुडघे टेकले.

"आमचं नाही ते. आम्ही तुमच्या राखणदाराचे. माझ्या आज्यानं मारलं तुम्हाला... झोपेत. घर घेतलं. नावही घेतलं."

...

दाराची कडी निघाली. आपोआप. मग काही नाही.

अण्णांचा फोन आला, पहाटे मीच वेलांटीला दवाखान्यात नेलं. वंशावळ छापली गेली नाही. दारावरची आडनावाची पाटी अण्णांनी स्वतः उतरवली.

जखम ताजी होती, अठरा टाके पडले. पण एक्स-रे डॉक्टरांनी दोनदा उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाले, "हाड दोन ठिकाणी मोडून जुळलंय. वेडंवाकडं. फार जुनं आहे हे. लहानपणी कुठे पडला होतात?"

वेलांटीचा हात त्या रात्रीआधी कधीच मोडला नव्हता.

तो एक्स-रे माझ्याकडे आहे.