कपारीपुढची जाळरेषा

ही घटना खरी आहे. नोलीनने ती मला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा एकही तपशील बदलला नाही.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय उद्यानाचा दगडी कडा. ऑगस्ट महिना, दुपारी अडीचचा सुमार.

कड्याच्या कपारीत नोलीनच्या पणजोबांनी गेरूने काढलेला मासा आहे. कपारीपुढचं गवत दरवर्षी मे महिन्यात जाळून जाळरेषा काढायची. नाहीतर वणव्याची आच लागून खडकाचे पापुद्रे सुटतात, चित्रासकट.

हे काम नोलीनच्या वडिलांचं. ते एप्रिलमध्ये गेले. नोलीनच्या आदिवासी जमातीत सुतक महिनोन्महिने चालतं; त्यात जाळरेषा राहिली.

आणि आता पूर्वेकडून वणवा निघाला होता.

नोलीन आणि तिचा चुलतभाऊ क्लिफर्ड, दोघंही वनरक्षक. राहिलेली जाळरेषा काढायला गाडी खाली सोडून दोन तास चढत होते.

"हळू चल गं ताई. मासा काय पळून जातोय?"

"तुझ्या चालीने गेलो तर भाजलेलाच मिळेल."

कपारीजवळ तिने रिवाजाप्रमाणे हाक दिली. "पणजोबा, आम्ही आलोय. तुमचीच पोरं."

एरवी तिथे काकाकुवे कलकलाट करतात.

त्या दिवशी... एकही नाही.

चार पावलं पुढे जाऊन दोघं थबकले.

जाळरेषा काढलेली होती.

वीस पावलं रुंद, कपारीच्या एका बाजूच्या कड्यापासून दुसऱ्या बाजूच्या कड्यापर्यंत. मध्ये फक्त पायवाटेपुरतं गवत शिल्लक. त्यातूनच ते आत गेले. खडकाला झाडाच्या सालीची मशाल उलटी टेकवलेली, तोंड मातीत खुपसलेलं.

मशाल अशी विझवायची सवय एकाच माणसाला होती.

क्लिफर्डला राहवलं नाही. त्याने आनंदाने काकांचं नाव घेतलं. मोठ्याने.

गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्यात घेत नाहीत. घेतलं तर तो मागे वळतो. मीही ते इथे लिहीत नाही.

"तोंड आवर, गाढवा!"

"चुकून निघालं गं..."

नोलीनने मासा तपासला. ओरखडाही नव्हता. ती परत फिरली, आणि...

पायवाटेवरचं गवत नव्हतं.

पाच मिनिटांपूर्वी ज्यातून आत आले, तिथे राख होती. धूर नाही. जाळाचा आवाज आला नव्हता. तिने हात लावून पाहिला.

राख गार होती.

दोघं राख तुडवत बाहेर पडले. थेट गाडीकडे उतरले.

त्याच संध्याकाळी वणवा जाळरेषेशी येऊन विझला. चित्र वाचलं.

तिसऱ्या दिवशी नोलीन एकटी पाहणीला गेली. राखेत बाहेर पडणारी पावलं होती. तिचे बूट. क्लिफर्डचे बूट.

आणि त्यांच्या मागोमाग... अनवाणी पावलं.

परत आत गेलेली नव्हती.

"बाबा तिथे राखणीला होते," नोलीन मला म्हणाली. "आम्ही नाव घेऊन त्यांना उठवलं. आता त्या माशापाशी कुणी नाही."

"मग ते आहेत कुठे?"

तिने समोर क्लिफर्डच्या घराकडे पाहिलं.

तो रोज रात्री कडी लावून झोपतो. सकाळी दार उघडं असतं.