लांबबाहीची हजेरी

दुकानात आलेल्या तरुणाच्या कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या होत्या. दुकान चालवणारीचं वय जेमतेम अठ्ठावीस, तरी तिला सगळे टेलरबाईच म्हणत. टेप घेऊन ती पुढे झाली.

"भावाचा आहे... होता," तो ओशाळून म्हणाला. "कापू नका हं. आत दुमडून शिवा. म्हणजे हवं तेव्हा उसवता येईल."

अगं बाई! हे तर तिचंच वाक्य. दोन महिन्यांपूर्वी तिनंच ते ऑनलाइन गटावर लिहिलं होतं. मन खचलेल्या माणसांचा गट तो — खरी नावं नाहीत, फोटो नाहीत. रोज सकाळी नऊच्या आत प्रत्येकानं एकच शब्द लिहायचा, 'आहे'. झाली हजेरी. आई गेल्यापासून अंथरुणातून उठायला तिला तेवढंच कारण उरलं होतं. आणि तिच्या हजेरीला पहिलं उत्तर यायचं ते 'लांबबाही' असं टोपणनाव घेतलेल्याचं. तो तिला केव्हाच आवडायला लागला होता, फक्त तिनं ते स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. दुमडून शिवायचं तिनं त्यालाच सुचवलं होतं; म्हणजे समोर उभा होता तो हाच!

आता बोलावं की गप्प बसावं? नियम कडक होता. दोघांची बाहेर ओळख निघाली, तर एकानं गट सोडायचा. तिनं सोडला तर तिला उठवणार कोण? आणि त्यानं सोडला तर... त्याला सावरणार कोण?

माप घेताना त्याचं मनगट हाताला थंडगार लागलं.

"दुमडायचं कुणी सुचवलं?" तिनं विचारलं.

"आहे एक, 'सुईदोरा' नावाची. जरा भांडकुदळच... पण तिच्यामुळे तगलोय मी."

"भांडकुदळ?" तिच्या तोंडून निघून गेलं. "दोन दिवस जेवला नव्हतात, म्हणून रागावले होते मी."

त्यानं घाईनं कोट उतरवला. तो टेबलावर टाकला आणि पावती न घेताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती लवकर दुकानात येऊन फोन घेऊन बसली. नऊ वाजले. हजेरीत सगळे होते, लांबबाही नव्हता. सव्वानऊ... तोंड उघडलं आणि माती केली! ना नाव, ना पत्ता, शोधायचं तरी कुठे?

तेवढ्यात दार करकरलं. तो धापा टाकत उभा होता.

"गट सोडला मी," तो म्हणाला. "तुम्ही नका सोडू. माझी हजेरी... इथे लावली तर चालेल?"

तिला हुंदका आवरेना. तिनं होकारार्थी मान डोलावली.

"आहे," तो हळूच म्हणाला.

"उशीर झालाय," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्यापासून नऊच्या आत."