चिंध्यांत गुंडाळलेला फोन

फोन सापडला तो चिंध्यांच्या पिशवीत, तळाशी, घट्ट गुंडाळलेला. पोर मात्र सापडली नव्हती.

आई लोकांचे कपडे शिवायची. तेरा वर्षांची लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि नाहीशी झाली. घासागणिक फोन बघणारी पोर फोन सोडून जाते, म्हणजे काहीतरी भलतंच. सगळी गल्ली पालथी घालून झाली होती.

फौजदार बाई शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी फोन उघडून मनातल्या मनात वाचायला सुरुवात केली. बिननावाच्या खात्यावरून धमक्या आल्या होत्या. ‘आज लायब्ररीच्या मागे का थांबलीस?’ ‘आणखी फोटो पाठव, नाहीतर आधीचा वर्गात फिरवतो.’ आजची शेवटची: ‘संध्याकाळपर्यंत.’

त्याच मजल्यावर समोरच्या घरात राहणारे क्लासवाले सर कुबड्या टेकत आले होते. महिनाभर पाय प्लास्टरमध्ये, जिना उतरायची सोय नाही, तरी माणूस धावून आला. आईला केवढा आधार वाटला. पोरीच्या फोनवर नजर ठेवणारं ॲपही त्यांनीच बसवून दिलं होतं.

“ते ॲप बघतं कोण?” बाईंनी विचारलं.

“मीच.” मग आईने मान खाली घातली. “म्हणजे, मला कुठलं येतंय. एकदाही उघडलं नाही. पण तिला सांगून ठेवलंय, मला सगळं दिसतं म्हणून. जरा धाक असावा.”

आता अशी थाप कोणत्या आईने मारली नाही?

“पासवर्ड?”

“सरांनी घातला.”

“ताईंना सांगितला होता, विसरल्या असतील,” सर म्हणाले. “इथे वेळ कशाला घालवता? लायब्ररीत बघा. हल्ली शाळा सुटली की तिथेच जाते.”

“लायब्ररीत?” आई चक्रावली. “या पंधरवड्यात तर नाचाची तालीम आहे म्हणून उशिरा येते.”

बाई दाराशी गेल्या. उंबऱ्याशी शाळेचे बूट होते, शेजारी तिच्याच मापाच्या चपला.

“तिच्याकडे पायात घालायला आणखी काही?”

“एवढंच.”

बाई सोबत आलेल्या महिला शिपायाच्या कानाशी लागल्या. “गच्चीवर जा. आवाज करू नकोस.”

आईने ते ऐकलं. ती उठलीच, पण बाईंनी तिचं मनगट धरलं. “तुम्ही धावलात तर ती बिथरेल. थांबा.” आई दाराची चौकट धरून उभी राहिली.

“सर, तुम्ही महिनाभर घरात. ती लायब्ररीत जायला लागली पंधरवड्यापूर्वी, तेही आईपासून लपवून. तुम्हाला कसं कळलं?”

“क्लासची मुलं बोलतात.”

“धमकावणाऱ्यालाही ती लायब्ररी ठाऊक आहे. पोर कुठे आहे ते ॲपमध्ये दिसतं आणि ॲपचा पासवर्ड तुमच्याकडे. कुंपणानेच शेत खाल्लं की हो. फोन द्या तुमचा.”

सर मागे सरले तशी एक कुबडी निसटली. बाईंनी त्यांच्या खिशातून फोन काढला. ॲप उघडंच होतं, आणि नकाशावरचा ठिपका याच घरावर होता. ते बिननावाचं खातंही त्याच फोनमध्ये सापडलं.

“फोन आपला माग देतो हे पोरीने ओळखलं,” बाई म्हणाल्या. “म्हणून तो चिंध्यांत कोंबला आणि अनवाणी वर गेली.”

“मग मला एका शब्दाने का नाही सांगितलं?” आईने विचारलं.

जिन्यावर पावलं वाजली. शिपायाचा हात धरून पोर आली, गुडघे गच्चीवरच्या टाकीच्या शेवाळाने हिरवे. आईने हात पसरले. पोर दारातच थबकली.

“तुला सगळं दिसत होतं ना? मी रोज वाट बघायचे, आज तरी काही बोलशील.”

आई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“नाही गं बाळा. मला काहीच दिसत नव्हतं.”