एक चाल कमी

दातांच्या कवळ्या बनवणं हे तिचं पोटापाण्याचं काम. मेणात दात बसवायचे, वरचा-खालचा चावा केसभरही चुकत नाही ना ते पाहायचं. अवघड कवळी आली की मालक ती मुकाट्याने तिच्याच टेबलावर ठेवायचे. पण तिला ओळखणाऱ्या हजारो माणसांना या कामाचा पत्ताही नव्हता. त्यांच्या लेखी ती होती 'मुंगी'.

हे तिचं खेळातलं नाव. खेळ दिसायला पोरकट. पडद्यावर एक बंद घर, घरात काही दगड आणि ते ढकलणारा एक बारका माणूस. दगड ढकलता येतो, ओढता येत नाही. सगळे दगड आपापल्या खड्ड्यात बसले की दार उघडतं. कमीत कमी चालींत दार उघडेल तो पहिला. चार वर्षं मुंगीच पहिली होती, आणि तिने रचलेली कोडी सोडवताना भल्याभल्यांची भंबेरी उडायची.

त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं 'कोठार'. एकशे चौऱ्याऐंशी चाली. खेळाची साइट सांभाळणारे आणि विक्रमांची नोंद ठेवणारे एक निवृत्त इंजिनियर होते, सगळे त्यांना पंतोजी म्हणत. त्यांनी आपला कॉम्प्युटर पंधरा दिवस राबवून ताडून पाहिलं होतं, यात एकही चाल कमी होऊ शकत नाही.

मंगळवारी दुपारी ती डबा खात होती, तेव्हा पंतोजींचा फोन आला.

"मुंगी, कोठार एकशे त्र्याऐंशीत सुटलंय."

"थट्टा करताय."

"विक्रमाच्या बाबतीत मी थट्टा करीन?"

"कोणी सोडवलं?"

"नावाची जागा कोरी आहे."

तिने तिथेच, हात धुवायच्या आधी, त्या खेळाचं रेकॉर्डिंग पाहिलं. एकेक चाल मोजली. प्रत्येक चाल नियमाला धरून होती. वाट तीच, दगडांचा क्रम तोच, जसा तिने स्वतः दोन वर्षांपूर्वी लावला होता. बेरीज मात्र एकने कमी. कुठे वाचली ती चाल? तिने चार वेळा पाहिलं. चोर समोरून उजळ माथ्याने चालत गेल्यासारखं वाटत होतं, आणि पकडायला काही नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खुर्चीत बसून गुडघा चोळत होते. बाबा शिंपी होते. सात वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून सगळं घर त्यांनी पावलांत मापून ठेवलं होतं. पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत अकरा. बोटं भिंतीवर टेकवून, पुटपुटत मोजत ते जायचे. कोणी आधार दिलेला खपायचा नाही.

"दार आपटलं गुडघ्याला," ते म्हणाले. "दहाव्यालाच आलं."

"मोजायला चुकला असाल, बाबा."

"चाळीस वर्षं मापं घेतली मी," ते म्हणाले आणि पुन्हा गुडघा चोळू लागले.

बुधवारी कोठार एकशे ब्याऐंशीत सुटलं. गुरुवारी एकशे एक्याऐंशीत. पंतोजींचा आवाज उतरला होता. "कॉम्प्युटर अजूनही नाहीच म्हणतोय," ते म्हणाले. "आणि मी डोळ्यांनी बघतोय."

शुक्रवारी सकाळी ती बाबांच्या मागोमाग चालली. एक, दोन, तीन, ते मोजत होते आणि तीही मनात मोजत होती. पाऊल नेहमीएवढंच, घाई नाही. आठव्याला त्यांचा हात कडीवर पडला. तिने शिवणाच्या डब्यातला टेप काढून जमीन मापली. माप पूर्वीचंच होतं, इंचाचाही फरक नव्हता.

कोठार सुटत होतं आणि घरातली वाट आटत होती, हे तिला तेव्हाच कळलं होतं. नंतर स्वतःशी खोटं बोलायला तिला जमलं नाही. पण खरं सांगायचं तर भीतीहूनही मोठी एक गोष्ट तिला सलत होती. तिचं कोडं, तिचा विक्रम, आणि वर कोरं नाव.

रविवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले होते. ती खेळायला बसली. विचार करायचा नाही, बोटांना जाऊ द्यायचं, एवढंच तिने ठरवलं. दगड सरकत गेले. मधे कुठेतरी क्षणभर एक पायरी चुकल्यासारखं वाटलं. मग दार उघडलं. एकशे ऐंशी.

वर तिचं नाव आलं. अभिनंदनाचे संदेश धडाधड येऊ लागले. ती हसत होती.

पॅसेजमधून धाडकन आवाज आला.

बाबा न्हाणीघराच्या दाराला टेकून उभे होते, हात कपाळावर. "सात," ते म्हणाले. त्यांनी तिच्याकडे तोंड वळवलं. "पोरी, तू काही करते आहेस का?"



सोमवारी सकाळी तिने पंतोजींना फोन केला. "कोठार काढून टाका. कायमचं."

"वेड लागलंय का तुला? विक्रम परत तुझाच झालाय."

"काढा, पंतोजी. हात जोडते."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. "काढलं."

तिने सुस्कारा सोडला आणि चहाचं आधण ठेवलं. घड्याळात सव्वाआठ झाले होते. आत पलंग करकरला, दाढी झाल्यावर पुन्हा आडवे झालेले बाबा उठले. एक, दोन, तीन. सात झाले, आठ झाले. दहा. अकरा. तिचे डोळे भरून आले.

बारा.

तिचा हात थांबला.

तेरा. चौदा. पंधरा.

ती पॅसेजमध्ये आली. पॅसेज रिकामा होता. पलंग रिकामा. न्हाणीघराचं दार सताड उघडं, आत कोणी नाही.

एकतीस, बाबांचा आवाज म्हणाला. भिंतीवर बोटं घासत होती. आवाज तिच्या शेजारून पुढे गेला.

"बाबा!"

बत्तीस. तेहतीस.

तो लांब जात राहिला. त्या पाच मीटरच्या पॅसेजमध्ये लांब जात राहिला, आणि शेवटी ऐकू येईना.

ती भिंतीला धरून उभी राहिली. आधण उकळू लागलं.

मग न्हाणीघराची कडी वाजली.

बाबा चाचपडत स्वयंपाकघरात आले, खुर्ची शोधून बसले. तिने घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून वीस मिनिटं. त्यांनी पाणी मागितलं. तिने दिलं. ते तीन पेले पाणी एका दमात प्यायले.

तिने हात त्यांच्या गालाला लावला. तासाभरापूर्वी तिनेच त्यांची दाढी करून दिली होती. आता बोटांना पाच-सहा दिवसांचे खुंट टोचले.

"आज लांब पडलं जरा," बाबा म्हणाले. "उद्यापासून जाताना बरोबर पाण्याची बाटली देत जा."