शेवटच्याने दोरी सोडायची

शनिवारी सकाळी हाल्वर सिग्नेच्या घरी गेला तो वॅफल आणायला. पाणबुड्यांच्या क्लबची हंगामातली पहिली बोट निघायची, त्या दिवशी वॅफल सिग्नेच्या घरचे, हा हेस्टवोय बेटावरचा जुना शिरस्ता. नवरा गेल्यावर पहिल्याच वर्षी ती काही करणार नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पण आदल्या दिवशी तिनेच फोन केला, "डबा घेऊन जा. पीठ भिजवलंय मी." मग जाणं भागच होतं. दोघांची घरं लागून. हाल्वर आणि तिचा नवरा आस्लाक लहानपणापासून एकमेकांच्या स्वयंपाकघरात वाढलेले. तरीही अलीकडे त्या दारापर्यंत जाणं हाल्वरच्या अगदी जिवावर यायचं.

"बस ना. कॉफी तयार आहे."

"नको गं. टोर्गेर वाट बघतोय. उशीर झाला तर म्हातारा दिवसभर टोमणे मारील."

सिग्नेने डब्याला फडकं गुंडाळलं. गाठ मारून झाली तरी हात तिथेच ठेवला. "थेक्लावरच जाताय ना?"

"हो."

"हाल्वर, एक विचारू? शेवटचंच. पुन्हा नाही विचारणार." हे शेवटचं तिने हिवाळाभर विचारलं होतं. "दोरीवर त्याचा चिमटा खरंच नव्हता?"

"नव्हता. माझा एकट्याचाच होता."

"म्हणजे त्याने आपल्या हातानं काढला."

"...तसंच म्हणायचं."

"निघताना म्हणाला होता, रात्री कॉड मासा कर, बटाटे मी सोलतो. ज्याला परत यायचंच नाही तो असं कशाला सांगेल रे?" तिने डबा त्याच्या हातात दिला. "जा तू. तुला उगाच छळते मी."

डबा अजून गरम होता. जेटीपर्यंतच्या उतारावर हाल्वरला तो हातात धरवेना.

थेक्ला म्हणजे बेटाच्या पश्चिमेला खडकाळ तळावर बसलेली कोळशाची जुनी आगबोट. तिच्यावर बोटीतून वजन लावलेली दोरी सोडायची, वर बोया तरंगत ठेवायचा. पहिला पाणबुडा खाली जाऊन दोरी कठड्याला बांधतो. प्रत्येक जण आपापल्या रंगाचा कपड्यांचा चिमटा त्या दोरीला लावतो आणि परतताना काढून घेतो. ज्याला दोरीवर फक्त आपलाच चिमटा दिसेल तो शेवटचा. त्याने गाठ सोडायची, म्हणजे वरून दोरी ओढून घेता येते. दुसऱ्या कुणाचाही चिमटा दिसला तर गाठीला हात लावायचा नाही. त्या काळोखात तेवढी एक दोरी सापडली तर माणसाला घरची वाट सापडते.

गेल्या ऑक्टोबरात हाल्वर आणि आस्लाक शेवटची जोडी होते. जहाजाच्या पोटात गाळ उठला, दोघांची चुकामूक झाली. हाल्वर दोरीपाशी आला तेव्हा तिथे दोन चिमटे होते, त्याचा पिवळा आणि आस्लाकचा निळा. तो थांबला. हातमोज्यात पाणी शिरून बोटं बधिर झाली होती, हवा संपत आली होती. गाठ तशीच ठेवून तो वर जाऊ शकला असता. पण मग दोरी सोडायला त्या गारठ्यात पुन्हा कुणाला तरी उतरावं लागलं असतं आणि बोट चालवणाऱ्या टोर्गेरने सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली असती. आस्लाक तसा वेंधळा. त्या उन्हाळ्यात चिमटा विसरून, जवळचा छोटा बोया वर सोडून त्याच्या दोरीने तो परस्पर वर आला होता आणि सगळे खोखो हसले होते. आजही तसंच केलं असेल गाढवाने, असं हाल्वरने स्वतःला समजावलं, निळा चिमटा मुठीत घेतला आणि गाठ सोडली.

बोटीवर आस्लाक नव्हता.

"दोरीवर काय होतं?" टोर्गेरने विचारलं. मुठीतला चिमटा हाल्वरच्या तळव्याला रुतत होता. "माझाच होता फक्त," तो म्हणाला. वेळ मारून न्यायला तोंडातून निघालेलं ते वाक्य पुढे पोलिसांच्या कागदावर चढलं. घरी गेल्यावर चिमटा त्याने चुलीत घातला.

आस्लाक मिळाला नाही. मासळीच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून तो गप्प गप्प असायचाच. दोरीपर्यंत आला, चिमटा काढला आणि वर न येता पुन्हा काळोखात निघून गेला, याचा अर्थ बेटाने लावायचा तो लावला. सिग्नेसमोर कुणी बोललं नाही, पण दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. हाल्वर काही दुष्ट नव्हता. आळशी होता आणि बोलणी खायला घाबरायचा. तेवढ्यापायी त्याचा मित्र मेला आणि वर मेलेल्यावर आळ आला. हे त्याला रोज सकाळी डोळे उघडताच आठवायचं आणि रोज तो ठरवायचा, की आज सांगू. संध्याकाळी मात्र दिवे लावून पडदे ओढून घ्यायचा.

"काय रे, मौतीला आलास का?" टोर्गेरने बोटीवर डबा उघडून पहिला वॅफल तोंडात कोंबला. "हंगाम सुरू झालाय. जरा हस."

"थंडी आहे."

"एप्रिलात पाणी थंडच असतं. उतरायचं नसेल तर माझ्याजवळ बस, गोधडी देतो पांघरायला."

मारित हसली. ती शाळेत शिकवायची, आज हाल्वरची जोडीदार होती. बाकीच्या जोड्या आधी उतरून वरही आल्या. मग हे दोघे उतरले.

वसंतातलं पाणी वरच्या थरात हिरव्या पेजेसारखं दाट असतं. हातभर पलीकडचं दिसत नाही. दोरी धरून उतरत राहायचं. मग ती पेज एकदम संपते आणि खाली स्वच्छ, काळं पाणी सुरू होतं. ओठ बधिर होतात. तोंडात रबराची चव. आपल्याच श्वासाची घरघर तेवढी कानात. टॉर्चच्या प्रकाशात थेक्लाचा कठडा दिसला. त्याच्यावर पांढरी मऊ पोवळी उगवली होती, पाण्याबरोबर हलणारी. बेटावरचे लोक त्यांना मेलेल्याचे हात म्हणतात. एरवी हाल्वरला त्यात काही वाटायचं नाही. आज त्याने तिकडे बघायचं टाळलं.

चिमटे लावून दोघे बाहेरच्या बाहेर फिरले. जहाजाच्या पोटाचं काळं तोंड समोर आलं तेव्हा हाल्वरने मान हलवून नको म्हटलं आणि मारितला पुढे नेलं. परत दोरीपाशी आल्यावर तिने आपला लाल चिमटा काढला. गाठ मी सोडतो, तू हो पुढे, अशी हाल्वरने खूण केली. तिचे बुडबुडे वर वर गेले आणि दिसेनासे झाले.

तो गाठीकडे वळला. पिवळ्या चिमट्याखाली आणखी एक चिमटा होता.

मारित निघाली तेव्हा तो तिथे नव्हता. हाल्वरने टॉर्च जवळ नेला. लाकूड फुगलेलं होतं आणि टोकाला निळ्या रंगाचा पट्टा होता. तोच पट्टा. चुलीत तो तडतडताना हाल्वरने डोळ्यांनी पाहिला होता.

त्याचा श्वास इतका वाढला की हवेचा काटा बघता बघता खाली येऊ लागला. पळ, असं सारं अंग सांगत होतं. पण हात गाठीकडे जाईना. पुन्हा नाही, एवढंच त्याला कळत होतं. आस्लाक, मी थांबतो... या खेपेला थांबतो. रबर दातांत धरून तो हे पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिला आणि त्याला रडू फुटलं. मुखवट्याच्या आत डोळे पुसताही येत नव्हते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. जहाजाच्या काळ्या तोंडात पिवळसर उजेड हलला.

उजेड हळूहळू बाहेर आला आणि कठड्याच्या कडेने दोरीकडे सरकू लागला. त्याच्यामागे कोण आहे ते दिसत नव्हतं, कारण प्रकाश सरळ हाल्वरच्या डोळ्यांवर होता. जवळ आल्यावर त्या टॉर्चने तळावर एक गोल काढला. सगळं ठीक आहे ना, अशी ती पाणबुड्यांची विचारणा. हाल्वरच्या हाताने आपोआप गोल काढून उत्तर दिलं. मग त्याच्या लक्षात आलं, की एवढ्या जवळ माणूस आहे आणि श्वासाची घरघर एकट्याचीच येतेय. बुडबुडे एकट्याचेच वर जातायत.

काळा हातमोजा पुढे आला. निळा चिमटा त्याने सावकाश, सवयीने काढून घेतला. दोरी ताणली गेली आणि तो उजेड तिला धरून वर निघाला.

आता दोरीवर फक्त पिवळा चिमटा होता. नियमाप्रमाणे हाल्वर शेवटचा. गाठ कशी सुटली ते त्याला कळलं नाही. वर येताना अंगात मुरलेली हवा निघून जायला मध्ये थांबावं लागतं. तो थांबला. हिरव्या पाण्यात वर डोक्यापाशी दोन पाय लोंबत होते, अगदी निश्चल. तेही थांबले होते. हाल्वरने डोळे मिटले. उघडले तेव्हा वर नुसतं पाणी होतं.

"मेलास की काय वाटलं!" टोर्गेरने त्याला बखोटीला धरून बोटीत ओढलं. "मारित केव्हाची आली. काय करत होतास खाली?"

"माझ्या आधी... कोण आलं वर?"

"मारित. दुसरं कोण येणार?" टोर्गेर जरा घुटमळला. मारित आणि बाकीचे पुढे केबिनमध्ये कपडे बदलत होते. त्याने आवाज खाली आणला. "खरं सांगू? मघाशी शिडीवर पाय वाजले. मला वाटलं, तूच चढलास. पाणी निथळलं... बोट कलली पण. मागे वळून म्हटलं, वॅफल घे. तर कुणी नाही." मग त्याने मान झटकली. "म्हातारा झालो, दुसरं काय."

बाकड्यावर पाण्याचं थारोळं होतं. जेटीला लागेपर्यंत हाल्वर त्याच्या समोर बसून राहिला. त्या वेळात त्याने ठरवलं आणि या खेपेला ते ठरवणं संध्याकाळपर्यंत टिकलं.

अजून उजेड होता. सिग्नेच्या खिडकीत मात्र दिवा लागलेला. हाल्वरने रिकामा डबा पुढे धरला आणि तिने तो घेण्याआधीच बोलून टाकलं. "सिग्ने, मी खोटं बोललो. चिमटा होता. त्याचा निळा चिमटा दोरीवर होता. मी काढला आणि मी गाठ सोडली. तो खालीच होता. पोलिसांना मी खोटं सांगितलं, तुला खोटं सांगितलं. उद्या चौकीवर जातो. तू काय करायचं ते कर माझं."

तिने डबा घेतला. डब्याचं फडकं तिने काढलं, घडी केली, पुन्हा उलगडलं. "म्हणजे तो परत येत होता," ती म्हणाली.

"हो."

"हिवाळाभर मी स्वतःला विचारतेय, माझं काय चुकलं. रोज अंथरुणात पडले की तेच. आणि तू भिंतीपलीकडे होतास."

तिने एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं त्याला. ती रडत होती, पण चेहरा मात्र कितीतरी महिन्यांनी मोकळा झाला होता.

"मग तो खरंच सांगत होता," तिने डोळे पुसले.

"कोण?"

"हळू बोल. दमलाय तो." तिने आत मान वळवली. "दुपारी आला. आल्याआल्या म्हणाला, मी परतच येत होतो. मी कॉड शिजत लावलाय. वर ये म्हटलं तर येत नाही, वर फार गरम होतं म्हणतो. तळघरातच बसलाय अंधारात. रागावलाय का विचारलं, तर नाही म्हणाला. एकच सांगतो सारखा, माझ्यामागे हाल्वर आहे. तो वर आल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

घरातून शिजत्या कॉडचा वास येत होता आणि त्याच्याखाली दुसरा, जुन्या कोळशाचा आणि समुद्राच्या तळाचा. हाल्वरच्या मागे दार उघडं होतं. चार पावलांवर त्याचं स्वतःचं कुंपण दिसत होतं. जायला हवं हे त्याला कळत होतं, पण ज्याची वाट बघितली जातेय त्याने कसं जायचं? त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट दाराशी नीट लावून ठेवले.

सिग्नेने तळघराचं दार उघडलं. खालून गार हवा आली.

"अरे, आला बरं का तो!" तिने खाली हाक मारली. पूर्वी जेवायला बोलवायची त्याच आवाजात. "सगळे आले वर. ये आता."

खाली काहीतरी निथळल्याचा आवाज झाला. मग पहिली पायरी वाजली. बऱ्याच वेळाने दुसरी.