टर्बोची दोन मिनिटं

ही गोष्ट मला रचायची असती, तर मी अमावास्या घातली असती. पिंपळ घातला असता. यात तसलं काहीच नाही. भर दुपार आहे, मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन आहे आणि एक लाल गाडी आहे.

जे घडलं ते घडलं. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल इथेच थांबावं.

रऊफभाई मेकॅनिक आजही आमच्या गल्लीत राहतात. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं, समोरचा चहा गार होईपर्यंत. पुन्हा विषय काढला तर माणूस उठून चालायला लागतो.

तारीख सतरा मे दोन हजार सहा. बुधवार.

त्या काळी अख्ख्या जिल्ह्यात टर्बोची पेट्रोल गाडी एकच होती. तेल्हाऱ्याच्या श्यामची. बाहेरून पाहाल तर एखाद्या साहेबाची असावी अशी चार दारांची सरळ गाडी. पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. श्यामच्या वडिलांची कापसाची जिनिंग होती, ती बंद पडली. गाडी तेवढी राहिली. आणि तिला हात लावायचा तो फक्त रऊफभाईंनी, कारण पुण्याला सहा वर्षं राहून टर्बो शिकून आलेले तेच एक होते.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारी एक छोटी चक्री. गाडी पळवली की ती लालबुंद तापते. तशीच गाडी बंद केली तर आतलं ऑइल जळतं आणि चक्री जाम होते. म्हणून पोचल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं जागेवर चालू ठेवायची, मगच चावी काढायची.

श्याम हे हटकून विसरायचा. शेवटी रऊफभाईंनी स्टेअरिंगशेजारी कागदच चिकटवला. त्यावर मार्करने लिहिलं... 'दोन मिनिटं थांबा.'

त्या वर्षांत श्यामच्या गाडीला एक वेगळंच काम लागलं होतं. कोणी फवारणीचं औषध प्यालं की लोक जीपकडे जात नसत, श्यामकडे धावत. जीपला दीड तास लागायचा. श्याम पाऊण तासात अकोल्याला न्यायचा. काही वाचले, काही नाही. मागच्या सीटला औषधाचा वास कायमचा बसला होता, आणि त्याचं कोणालाच काही वाटेनासं झालं होतं.

त्या बुधवारी रऊफभाई गाडीचा पाइप बदलायला तेल्हाऱ्याला गेले होते. श्याम ऊन लागून अंथरुणात. पाइप बसवून हात पुसतायत, तोच चार माणसं एका माणसाला उचलून घेऊन आली.

चंद्रभान. वय चाळीसच्या आतलं. कारण कोणी सांगितलं नाही आणि रऊफभाईंनी विचारलंही नाही. त्याची बायको सुंदराबाई मागून अनवाणी धावत आली.

"रऊफभाऊ, तुमीच न्या हो! श्यामभाऊले उठता येऊन नाही राहिलं!"

मागच्या सीटवर शेजारचे नत्थुजी चंद्रभानचं डोकं मांडीवर घेऊन बसले. सुंदराबाईला जागा उरली नाही. ती काचेला हात लावून दोन पावलं गाडीबरोबर आली, मग मागे पडली.

रऊफभाईंनी गाडी अशी कधीच चालवली नव्हती. अकोट कधी गेलं कळलं नाही. पूर्णेचा पूल कधी आला कळलं नाही. चंद्रभान अधूनमधून एकच विचारायचा.

"पोचलो काय, भाऊ?"

"पोचून राहिलो, पोचून राहिलो," नत्थुजी म्हणायचे. पुलानंतर मात्र तो प्रश्न आला नाही.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी गाडी दवाखान्याच्या दाराशी लागली. नत्थुजींनी चंद्रभानचं डोकं अलगद सीटवर ठेवलं आणि स्ट्रेचर आणायला आत धावले.

गाडीत दोघेच उरले.

आता इथून पुढचं नत्थुजींना ठाऊक नाही. सुंदराबाईला ठाऊक नव्हतं. रऊफभाईंनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

रऊफभाई गाडीतून उतरले नाहीत.

गाडी तापली होती. टर्बो तापला होता. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी हात चावीवर ठेवला आणि डोळे घड्याळावर. दोन एक्केचाळीस... दोन बेचाळीस...

दवाखान्याचं दार वीस पावलांवर होतं. रऊफभाई तेव्हा अंगापिंडाने दणकट होते. चंद्रभान वाळलेला. खांद्यावर टाकून सहज नेता आला असता.

मागून आवाज आला. "पोचलो काय, भाऊ?"

आणि रऊफभाई घड्याळावरची नजर न काढता म्हणाले, "दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं."

दोन त्रेचाळीसला त्यांनी चावी काढली.

मागे वळून पाहिलं.

चंद्रभानचे डोळे उघडे होते. बाकी काही नव्हतं.

स्ट्रेचर घेऊन नत्थुजी आले, तेव्हा रऊफभाई म्हणाले, "वाटेतच गेला."

पुढे श्यामने ती गाडी चालवणं सोडलं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती रऊफभाईंच्या गॅरेजात येऊन पडली. मुर्तिजापूर रोडवर त्यांची पत्र्याची शेड होती. दुपारी कारागीर जेवायला जात आणि रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे.

आठवडाभराने रऊफभाईंनी गाडी जरा फिरवून आणली. शेडमध्ये लावली. चावी काढली.

इंजिन बंद झालं नाही.

चावी हातात... आणि गाडी चालू.

वायरिंगमध्ये घोळ असेल, असं त्यांना वाटलं. बॉनेट उघडायला गेले, तर आपोआप बंद पडली. त्यांनी सगळं खोलून पाहिलं. दोष काही सापडला नाही. मग त्यांनी बॅटरीची वायरच काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खाटेवर पडले होते. डोळा लागत होता, तोच आवाज आला.

सावकाश घुरघुर... जागेवर उभ्या गाडीची.

वायर जमिनीवर पडलेली होती. गाडीतलं घड्याळ मात्र उजळलं होतं. दोन एक्केचाळीस.

ते जवळ गेले. मागच्या सीटवर कोणी नव्हतं.

पण सीट दबलेली होती. डोकं असतं तिथे थोडी, कंबर असते तिथे जास्त.

दोन मिनिटांनी इंजिन थांबलं. सीट तशीच दबलेली राहिली.

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. रऊफभाई मला म्हणाले, "भीती पहिल्या दिवशी वाटली. मग तीही वाटेनाशी झाली." दोन एक्केचाळीस वाजले की ते हातातला पाना खाली ठेवत. त्रेचाळीस झाले की उचलत.

एकदा त्यांच्या बायकोने, जहाँआराभाभींनी, डबा आणला. डबा ठेवून त्या गाडीकडे पाहत राहिल्या.

"पीछे कौन सोया है जी? साँस फूली है उसकी."

भाभी पुन्हा गॅरेजात आल्या नाहीत.

तेरवी झाल्यावर सुंदराबाई आली. पदराखाली थोडी तुरीची डाळ बांधून आणली होती. म्हणाली, "तुमी जिवाच्या आकांतानं गाडी पयवली, म्हणून आली. एकच इचारतो, भाऊ. शेवटी काही बोलले काय ते?"

रऊफभाईंच्या तोंडून निघून गेलं, "नाही. वाटेतच गेले."

"बरं झालं. लवकर सुटले." तिने डोळे पुसले आणि निघाली.

तिची पाठ वळली, आणि गाडीतून आवाज आला.

"पोचलो काय, भाऊ?"

घड्याळात दोन एक्केचाळीस वाजले नव्हते. सकाळचे अकरा होते.

मग तो आवाज वेळ पाहीनासा झाला. चहा पिताना, नमाज पढताना, घरी जेवताना. कधी काकुळतीने नाही. साधा प्रश्न, एसटीत शेजारचा माणूस विचारतो तसा. रऊफभाईंना कळून चुकलं होतं, की खरं बोलल्याशिवाय हा प्रवास संपायचा नाही. बोललं तर त्या बाईला आयुष्यभराचा चटका. न बोललं तर हे असंच.

ती येऊन गेल्यावर दहाव्या दिवशी त्यांनी गाडीला बॅटरी जोडली आणि तेल्हारा गाठलं.

सुंदराबाई ओट्यावर तूर पाखडत होती. रऊफभाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कागदाचं, घड्याळाचं, वीस पावलांचं. आपण काय उत्तर दिलं तेही.

तिचं सूप हातातच राहिलं.

"दोन मिनिटं तुमी काय केलं?"

"घड्याळ पाह्यलं."

"काहून?"

"गाडी खराब झाली असती."

ती रडली नाही. ओरडली नाही. सूप खाली ठेवलं, दाराला कडी घातली आणि येऊन गाडीचं मागचं दार उघडलं. आत कडेला बसली. बाजूची जागा सोडून.

"चला. जिथं थांबले होते तिथंच न्या मले."

पूर्णेच्या पुलावर रऊफभाईंनी आरशात पाहिलं. तिचा हात मांडीवर होता... मांडीपासून वीतभर वर. कोणाच्या तरी कपाळावर ठेवावा तसा.

दवाखान्याचं दार आलं. रऊफभाईंनी चावी काढली.

इंजिन चालूच राहिलं.

"राहू द्या," सुंदराबाई म्हणाली.

ऊन पत्र्यासारखं तापलं होतं. ती समोरच्या दाराकडे पाहत बसली. त्या दोन मिनिटांत रऊफभाईंनी दवाखान्यात जाणारी माणसं पाहिली. एक म्हातारी काठी टेकत गेली, आत पोचली. एक माणूस पोराला कडेवर घेऊन गेला, आत पोचला. कितीतरी जण पोचले.

इंजिन थांबलं.

"लई लांब असतात हो दोन मिनिटं," सुंदराबाई म्हणाली.

ती उतरली. दार मात्र तिने लावलं नाही.

"उघडंच राहू द्या. त्यायले उतरू द्या." आणि ती मागे न पाहता एसटी स्टँडच्या वाटेला लागली.

रऊफभाई बसून राहिले. उघड्या दारातून झळा आत येत होत्या. तेवढ्यात मागून ॲम्ब्युलन्स आली. हॉर्नवर हॉर्न. चौकीदार धावत आला, "ओ, गाडी काढा पहिले!"

रऊफभाई गडबडले. हात मागे टाकून त्यांनी दार ओढलं आणि गाडी पुढे घेतली.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

चंद्रभान उतरला होता, की दार त्याच्या आधी लागलं?

महिन्याभरात गाडी अमरावतीच्या एका डॉक्टरने घेतली. रऊफभाईंनी सहा महिने त्याला फोन करून विचारलं. दर वेळी एकच उत्तर. गाडी मस्त आहे, काही तक्रार नाही, चावी काढली की बंद.

म्हणजे तो गाडीत नाही.

मग कुठे आहे?

गेल्या उन्हाळ्यात मी रऊफभाईंना अमरावतीला घेऊन गेलो, त्यांच्या मुलीकडे, इफ्फतकडे. गाडी माझी, जुनी, साधी. मागच्या सीटवर फक्त आंब्याची पेटी. दुपारी पोचलो. मी चावी काढून खाली उतरलो.

रऊफभाई उतरले, मागचं दार उघडलं आणि उन्हात उभे राहिले. पेटीला हात लावला नाही. इफ्फत आतून हाक मारत होती. मी म्हणालो, "भाई, चला ना."

"दोन मिनिटं," ते म्हणाले.

मी हसणार होतो.

माझ्या गाडीला टर्बो नाही. चावी माझ्या मुठीत होती.

आणि बॉनेट अजून थरथरत होतं...